पुस्तक ‘सोडणे’

प्रश्न असा आहे: वाचून झालेले पुस्तक बाकावर, गाडीत, कॅफेत मुद्दाम ठेवून निघून जायचे, अनोळखी माणसाने ते उचलावे, वाचावे आणि पुढे तसेच ठेवावे, या प्रकाराला मराठीत काय म्हणावे? ‘ग्रंथदान’ चालेल का? की ‘बुकक्रॉसिंग’च राहू द्यावे?

बुकक्रॉसिंग हा शब्द इंग्रजीतही ताजाच आहे. २००१ साली अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी याच नावाचे संकेतस्थळ काढले आणि २००४ मध्ये शब्द ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ कोशात पोचलादेखील. पुस्तकाला तिथे नोंदणी क्रमांक मिळतो, तो आत चिकटवायचा. ज्याला सापडेल त्याने कळवायचे, की पुस्तक आता अमुक गावी आहे.

‘ग्रंथदान’ मला पटत नाही. दानाला घेणारा समोर लागतो. धर्मशास्त्राने हा भेद फार पूर्वी केलेला आहे: ठरावीक माणसाने स्वीकारायचे ते दान; विहीर, तळे कोणासाठी म्हणून नव्हे तर सगळ्यांसाठी मोकळे करायचे, तो उत्सर्ग. म्हणजे नेमका शब्द ‘ग्रंथोत्सर्ग’. पण मलोत्सर्गाच्या शेजारी पुस्तकाला बसवायची माझी तयारी नाही.

नाम शोधण्याआधी क्रियापद बघू. पुस्तक बाकावर ‘राहिले’ म्हणजे विसरलो. ‘ठेवले’ म्हणजे परत येणार आहे. ‘टाकले’ म्हणजे नकोसे झाले होते. ‘सोडले’ म्हटले की मात्र हक्क संपतो आणि वस्तूची किंमत कमी होत नाही. हातावर उदक सोडतात ते याच अर्थाने. बुकक्रॉसिंगवाले ‘रिलीज’ म्हणतात तेही हेच. आणि आपल्याकडे याला जुना दाखला आहे. देवाच्या नावाने सोडलेल्या वळूला ‘पोळ’ म्हणत. मोल्सवर्थच्या कोशातला पोळ त्रिशूळ-चक्राचा डाग दिलेला आहे. डाग कशासाठी? हा चुकार नाही, मुद्दाम सोडलेला आहे, हे परगावच्या माणसालाही कळावे म्हणून. नोंदणी क्रमांकाचे एक काम हेच.

अडचण एवढीच, की ‘मी ते पुस्तक सोडलं’ म्हणजे कंटाळून अर्धवट सोडले, असा अर्थ आधी लागतो. जागा सांगितली की तो बऱ्यापैकी मिटतो: ‘गाडीत सोडलं’, ‘वाचून बाकावर सोडलं’. नामच हवे असेल तर ‘पुस्तकसोडणी’ म्हणा. ‘पुस्तकसोडत’ नको, म्हाडाच्या घरांची लॉटरी आठवते. (आत चिकटवायच्या कागदाला ‘सोडचिठ्ठी’ म्हणायचा मोह मला आवरत नाही, पण गैरसमज घरापर्यंत जातील.)

खांबावरच्या पेटीत पुस्तके ठेवतात, हवे ते न्या, जमेल ते ठेवा, तो प्रकार वेगळा. २००९ साली विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी टॉड बोल यांनी पहिली पेटी उभारली. तिथे जागा पक्की असते, पुस्तक वाऱ्यावर नसते. तिला मी ‘पुस्तकपोई’ म्हणेन, पाणपोईवरून. ‘पुस्तकांचे गाव’ म्हणवणाऱ्या भिलारलाही हा शब्द लावू नये. तिथली पुस्तके वाचायची असतात, न्यायची नसतात.

एक शब्द मात्र कटाक्षाने टाळा: ‘बेवारस’. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे स्थानकावर ऐकून ऐकून आपल्या अंगात इतके मुरले आहे, की चांगले पुस्तक दिसले तरी माणूस दोन हात लांब बसतो. शिवाय प्रामाणिक माणूस ते स्टेशन मास्तरकडे जमा करतो, ही दुसरी पंचाईत. म्हणून आतल्या कागदावर क्रमांकाआधी, ठळक अक्षरात, साध्या मराठीत लिहा: ‘हे पुस्तक कोणाचे हरवलेले नाही. तुमच्यासाठी सोडले आहे. घरी न्या, वाचून झाले की असेच कुठेतरी सोडा.’