कृषी सल्ला : घरच्या हवामान यंत्रातली पावसाची चुकीची नोंद कशी सुधारावी?

प्रश्न (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) : घराच्या स्लॅबवर हवामान यंत्र बसवून दुसरं वर्ष आहे. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला. अंगणात तोंड कापलेला तेलाचा पिपा होता, संध्याकाळी रिकामा. सकाळी त्यात मोजपट्टीनं ४ सेंटिमीटर पाणी भरलं. यंत्रानं रात्रीचे फक्त ९ मिलिमीटर दाखवले आणि ऊन पडल्यावरही दुपारपर्यंत थोडा थोडा पाऊस दाखवत राहिलं. महसूल मंडळाच्या सरकारी पर्जन्यनोंदीशी तर माझी तारीखही जुळत नाही. सगळं खोडून मंडळाचे आकडे भरू का?

उत्तर : खोडू नका, भाऊ. यंत्राचा मूळ आकडा चुकीचा असला तरी तो राहू द्या, दुरुस्ती त्याच्या शेजारी लिहा. एकदा खोडलं की नेमकं काय बिघडलं होतं ते पुढच्या वर्षी तुम्हालाही सांगता येणार नाही.

उन्हात पाऊस दाखवणं ही नरसाळं तुंबल्याची खूण आहे. यंत्राच्या आत तराजूच्या दांडीसारखं कलणारं दोन खणांचं भांडं असतं. एक खण भरला की ते कलतं आणि एक नोंद पडते, बहुतेक घरगुती यंत्रांत ०.२ ते ०.३ मिमीची. वर पाणी तुंबलं की ते झिरपत खाली येतं आणि पाऊस थांबला तरी भांडं कलत राहतं. मागच्या हंगामात असंच एक यंत्र मी स्वतः उघडलं. नरसाळ्याच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, त्यावर कडुलिंबाच्या काड्या आणि पाखरांची घाण. जुन्या टूथब्रशनं पाच मिनिटांत साफ झालं, पण तोवर अख्ख्या झडीची नोंद गेली होती.

आता त्या रात्रीचं बघू. रात्रीचे ९ आणि दुपारपर्यंतचे थेंब यांची बेरीज करा. ती ४०च्या आसपास येत असेल तर पाणी वाया गेलेलं नाही, उशिरा मोजलं गेलं एवढंच. एकूण पाऊस धरा, तासांची नोंद सोडून द्या. बेरीज २०वरच अडकली असेल तर नरसाळं काठोकाठ भरून पाणी बाहेर सांडलं. तेव्हा तुमचा पिपा कामाचा. सरळ बाजूच्या भांड्यात ४ सेंटिमीटर पाणी म्हणजे ४० मिमी पाऊस. मात्र पिपा वळचणीखाली किंवा झाडाखाली नव्हता ना, हे नीट आठवा. खात्री असेल तर वहीत लिहा : मूळ ९ (दुपारपर्यंत एकूण २०), दुरुस्त ४०, नरसाळं तुंबलं, पिप्यावरून. खात्री नसेल तर दुरुस्तीची जागा कोरी ठेवा, पण शून्य लिहू नका. कोरी जागा म्हणजे ठाऊक नाही, शून्य म्हणजे पाऊस पडलाच नाही.

उलट, यंत्र पुसताना, खांब हलवताना किंवा माकडांनी स्लॅबवर उड्या मारल्यावर जो पाऊस दिसतो तो मात्र दुरुस्तीच्या जागी शून्य लिहायचा, कारणासकट. याकडे दुर्लक्ष करू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन, पऱ्हाटी (कपाशी) पेरू नका असं आम्ही दरवर्षी सांगतो. त्या बेरजेत १०-१५ मिमी खोटे घुसले तर बियाणं अपुऱ्या ओलीत पडतं आणि दुबार पेरणीचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो.

तारखेचा घोळ बहुधा चूक नाहीच. सरकारी पर्जन्यमानाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा धरतात आणि पाऊस मोजणीच्या तारखेला लिहितात. ११ तारखेला रात्री १० वाजता पडलेला पाऊस तिथे १२ तारखेला दिसतो. तुमचं यंत्र मध्यरात्री दिवस बदलतं, म्हणून ते ११ दाखवतं. तुलना करताना तासांची नोंद घेऊन ८.३० ते ८.३० अशी बेरीज करा.

यंत्र साफ केल्यावरही कमी मोजत असेल तर घरीच तपासा. नरसाळ्याचा व्यास १६ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ८ × ८ × ३.१४, म्हणजे २०१ चौ. सेंमी. ४०० मिलि पाणी सलाइनच्या नळीनं थेंब थेंब, निदान अर्धा तास लावून सोडा. घाईनं ओतलं तर भांडं कलता कलता पाणी निसटतं. यंत्रानं सुमारे २० मिमी दाखवायला हवेत. तीनदा करून तिन्ही वेळा १७च आले तर २० भागिले १७, म्हणजे १.१८नं गुणा. पण हा गुणक फक्त बिघाड सुरू झाल्यापासूनच्या नोंदींना लावा. सुरुवात शोधायला तुमची आणि मंडळाची चढती बेरीज (रोजचा पाऊस आधीच्या बेरजेत मिळवत नेलेली) एका आलेखावर मांडा : आडवी मंडळाची, उभी तुमची. रेष साधारण सरळ जाते, जिथून ती कायमची वाकते तिथून बिघाड धरा.

मंडळाचा वापर एवढाच. त्याचा रोजचा आकडा आपल्या वहीत भरू नका. आपल्याकडे नाल्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ असं होतंच, मग तुमच्या वावराचा पाऊस दुसरीकडच्या केंद्रावरून कसा ठरवणार? अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईसाठी मात्र २४ तासांत ६५ मिमीचा निकष महसूल मंडळाच्या नोंदीवरच लागतो, तिथे घरचं यंत्र चालत नाही. तशी रात्र झाली तर नुकसानीचे फोटो काढून तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा कृषी सहायकाला (आताचे सहायक कृषी अधिकारी) त्याच दिवशी कळवा.