गुरूवर ज्वालामुखी असतात का?

प्रश्न: परवा आठवीतल्या मुलाला गिल्बर्ट हिल दाखवायला नेलं. हा अख्खा कडा लाव्हाचा आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग गुरू एवढा मोठा, त्याच्यावर केवढे ज्वालामुखी असतील! तो लाल डाग म्हणजे तेच का? आणि मुंबईतून दिसतील का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर: ताई, गुरूवर ज्वालामुखी नाहीत. ज्वालामुखी फुटायला आधी जमीन लागते, आणि गुरू म्हणजे मुख्यतः हायड्रोजन-हेलियम, टणक पृष्ठभाग नाहीच. लाल डाग हे वादळ आहे, आपल्या पृथ्वीपेक्षाही मोठं.

पण त्याचा चंद्र आयो, त्याच्याबद्दल मुलाला जरूर सांगा. आपल्या चंद्रापेक्षा जरासाच मोठा, आणि जागते ज्वालामुखी ४०० च्या आसपास, अख्ख्या सूर्यमालेत एवढा धगधगता गोळा दुसरा नाही. खरं तर एवढासा गोळा कधीच थंड पडायला हवा होता. पण आयोचे गुरूभोवती चार फेरे होतात तेव्हा गुरूच्याच दुसऱ्या दोन चंद्रांपैकी युरोपाचे बरोब्बर दोन आणि गॅनिमिडचा एक, त्यामुळे हे दोघं त्याला ठरावीक जागीच ओढत राहतात, कक्षा गोल होऊच देत नाहीत, मग आयो कधी गुरूच्या जवळ कधी लांब, आणि गुरूची ओढ सारखी कमी-जास्त. मुंबईत साडेचार मीटरची भरती म्हटली तरी पालिका इशारा देते, तिथे तर साडेबेचाळीस तासांच्या एका फेरीत जमीनच १०० मीटरपर्यंत वर-खाली होते. तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसंच आतला खडक तापून वितळतो.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? हे आधी गणितातून निघालं. स्टॅन्टन पील हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा पेपर २ मार्च १९७९ ला छापून आला, ५ तारखेला नासाचं व्हॉयेजर १ हे यान आयोजवळून गेलं, आणि ८ तारखेला घेतलेल्या एका फोटोत नासाच्या इंजिनिअर लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेला छत्रीसारखा फवारा दिसला. २००७ मध्ये प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानानेही असाच एक टिपला, ३०० किलोमीटरहून उंच. त्या ज्वालामुखीचं नाव त्वष्टार, आपल्या वेदांमधला देवांचा कारागीर त्वष्टा!

बाकी शनीचा चंद्र एन्सेलॅडस, त्याच्यावर पाण्याची वाफ आणि बर्फ उडतं, नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन, त्याच्यावर नायट्रोजन, तिथे लाव्हा नाही.

मुंबईतून ज्वालामुखी नाही दिसणार, पण आयो दिसेल. पावसाळा सरला आणि गुरू रात्री वर असला की छोटी टेलिस्कोप लावा, गुरूच्या अगदी लगतचा ठिपका बहुतेक तोच, फक्त मोबाईलवर त्या रात्रीची चंद्रांची जागा बघून घ्या कारण कधीकधी तो गुरूच्या पुढे-मागे दडलेला असतो. दोन-तीन तासांनी परत बघितलंत तर सरकलेला कळेल.