जाफन्यातला सुरुंग, कागदावर मात्र ‘वाहन अपघात’

प्रश्न : ऑक्टोबर १९८७, ऑपरेशन पवन, म्हणजे श्रीलंकेतली भारतीय शांतिसेनेची मोहीम. जाफन्यात आमच्या गाडीखाली सुरुंग फुटला, डावा पाय जायबंदी झाला. १९९८ साली लो मेडिकल कॅटेगरीत (कमी वैद्यकीय श्रेणीत), मुदत पूर्ण करून हवालदार म्हणून घरी आलो. अपंगत्व ४० टक्के, कायमचं. पण कागदावर ‘वाहन अपघात’ लिहिल्यामुळे साधी अपंगत्व पेन्शन मिळते. युद्धजखमेची पेन्शन आता मागता येईल का? मुलगा कोल्हापूरला असतो, तिथून केस टाकू का? – निवृत्त हवालदार, ता. खानापूर, जि. बेळगाव

उत्तर : हवालदारसाहेब, मागता येईल. पेन्शन दरमहा कमी मिळते, म्हणजे अन्याय दरमहा नव्याने घडतो. तरसेम सिंग खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. थकबाकी मात्र साधारण अर्ज दाखल करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणून आता दिवस घालवू नका.

संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात ‘ई’ श्रेणी आहे, तिच्यात बसलं की युद्धजखमेची पेन्शन मिळते. परदेशातल्या शांतिरक्षक मोहिमेवरची कारवाई आणि अतिरेक्यांचा हल्ला, दोन्ही तिच्यात बसतात. अर्जात दोन्ही मुद्दे घ्या. एक उडाला तरी दुसरा उरतो. मुदत पूर्ण करून आलेल्याला १०० टक्के अपंगत्वाचा साधा घटक शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, तर युद्धजखमेचा ६० टक्के. शिवाय ४० चे ५० टक्के धरले जातात (राम अवतार, २०१४). हे आजच मिळतं का, ते पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) बघा.

खरी लढाई त्या ‘अपघात’ शब्दाशी आहे. तिथे रस्त्यात, मोरीखाली पेरलेले स्फोट व्हायचे, गाडी उलटायची आणि कारकून अपघात लिहून मोकळा व्हायचा. तेव्हा माहिती अधिकारात (फी १० रुपये) बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसकडून (मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नोंदी तिथे असतात) जखम अहवाल, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीचा युनिटचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाची कागदपत्रं मागवा. मद्रासच्या लष्करी रुग्णालयात हलवलं असेल, तर तिथल्या भरतीच्या नोंदीत जखमेचं कारण सापडू शकतं. कागद नष्ट झाल्याचं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्या, कामाला येतं. घरी पाठवलेलं आंतर्देशीय पत्र असेल, तर फील्ड पोस्टाच्या शिक्क्यासकट जपा आणि इंग्रजी भाषांतर जोडा. त्याच गाडीतला कोणी चंदगड-गडहिंग्लजकडे असेल, तर त्याने तिथल्याच नोटरीपुढे शपथपत्र करावं. त्यात आर्मी नंबर, तारीख आणि स्वतः काय पाहिलं तेवढंच हवं.

नवी वैद्यकीय तपासणी मात्र मागू नका. वाद टक्क्यांचा नाही, कारणाचा आहे. बोर्डापुढे गेलात आणि ४० चे ३० झाले, तर ती आपणच ओढवून घेतलेली कटकट. पायाच्या भरपाईची एकरकमी रक्कम आधी घेतली होती का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. घेतली असेल तर सरकार तोच मुद्दा पुढे करेल.

कागद हातात आले की रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने अर्ज द्या. नकार आला, तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जा. काहीच उत्तर नाही आलं, तर सहा महिने थांबून पुढच्या सहा महिन्यांत. माजी सैनिक राहतो तिथलं खंडपीठ लागतं, आणि तुमचं रेशनकार्ड, मतदान, बँक सगळं खानापूरचं. कोल्हापूरचा पत्ता घालून मुंबईला गेलात, तर पहिल्याच तारखेला हरकत येईल. कर्नाटक कोचीच्या खंडपीठाकडे येतं, तेव्हा कोचीलाच दाखल करा.