शेजारच्या रेल्वेत खून पाहणारी म्हातारी: हा जुना इंग्रजी चित्रपट कोणता?

तुम्ही म्हणताय तो १९६१चा कृष्णधवल ‘मर्डर, शी सेड’. त्यातली म्हातारी म्हणजे मार्गारेट रदरफर्डने साकारलेली मिस मार्पल, ॲगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधली हौशी गुप्तहेर. खूण पक्की आहे: समांतर धावणाऱ्या गाडीच्या खिडकीचा पडदा झटकन वर जातो आणि गळा आवळणारा पाठमोरा माणूस दिसतो. पोलीस विश्वास ठेवत नाहीत, म्हणून बाई स्वतःच रुळांच्या कडेने शोध घेते आणि मग संशयित घरात मोलकरीण म्हणून शिरते. तिला मदत करणारे मिस्टर स्ट्रिंगर म्हणजे रदरफर्डचे खरेखुरे पती, स्ट्रिंगर डेव्हिस. आणि स्वयंपाकघरातली मिसेस किडर नीट बघा: ती जोन हिक्सन, जी पुढे बीबीसीच्या मालिकेत स्वतः मिस मार्पल झाली!

मात्र ॲगाथा ख्रिस्तीची मूळ कादंबरी ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ वाचली असेल तर गोंधळ होईल. तिथे खून मार्पलची मैत्रीण पाहते आणि घरात शिरते ल्यूसी नावाची हुशार तरुणी. चित्रपटात ही दोन्ही कामं मार्पलच्याच वाट्याला आली आहेत, आणि रदरफर्डचा दणकट उत्साह बघता मला तो बदल अगदी योग्य वाटतो.