भिंतीवरच्या पुसट जाहिराती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विटांच्या जुन्या भिंतीवर दोन जाहिरातींची अक्षरे एकमेकींत गुंतली आहेत. ठळक दिसते ती नंतरची समजावी का?

उत्तर : नाही, बरेचदा उलटेच असते. जुने रंगारी जवसाच्या तेलात कालवलेला शिशाचा सफेदा वापरत. तो विटेत मुरतो आणि चिवटपणे टिकतो. त्यावर नंतर मारलेला पातळ रंग उन्हापावसात भुकटी होऊन झडला की खालची अक्षरे पुन्हा दिसू लागतात. क्रम ठरवायचा तर अक्षरे जिथे छेदतात तिथे भिंग धरा. ज्या रंगाची कड न तुटता पलीकडे जाते, तो वरचा. पोपडे उडालेली जागा मात्र सोडून द्या, तिथे हमखास फसगत होते.

तिरपे ऊन भिंतीला घासून जाते तेव्हा कुंचल्याचे उंचवटे सावली टाकतात, रंग गेला असला तरी अक्षर कळते. रंगातला फरक पाहायला ढगाळ दिवस बरा, भिंत पावसाने ओलसर असेल तर आणखी उत्तम. पाइपने पाणी मात्र मारू नका, लोणा धरतो. फोटो कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात) घ्या. मग इमेजजे या चित्रे तपासायच्या सॉफ्टवेअरला डीस्ट्रेच हे पुसट रंग ठळक करणारे पूरक साधन जोडा. ते शैलचित्रांसाठी बनवलेले आहे, पण इथेही चालते. लाल खुणांना त्यातला एलआरई हा रंग-पर्याय, काळ्या-निळ्यांना वायबीके हा पर्याय लावून पाहा. त्यातून निघालेले रंग कृत्रिम असतात. मूळ रंग त्यावरून ठरवू नका.

प्रश्न : जाहिरातीमागचे दुकान कसे शोधावे?

उत्तर : मोठ्या अक्षरांना भुलू नका. मोठे नाव अनेकदा मालाच्या कंपनीचे असते आणि रंगाचा खर्चही तिचाच. दुकानाचे नाव वरच्या किंवा खालच्या पट्टीत बारीक सापडते. पत्ता आणि फोन क्रमांकातले आकडे टिपा, मग जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या वर्षवार चाळा. डिरेक्टरीची माहिती छपाईच्या आधी गोळा झालेली असते, म्हणून नवे दुकान एखादे वर्ष उशिरा दिसते आणि बंद झालेले रेंगाळते. शेजारच्या इमारतीने अक्षरे झाकली असतील तर जाहिरात त्या बांधकामाआधीची, हा पक्का पुरावा.

प्रश्न : वार्निश लावून रंग खुलवावा का?

उत्तर : मुळीच नको. वार्निश पिवळे पडते, आतली ओल कोंडते आणि सोलताना जुना रंग घेऊन निघते. सँडपेपरही नको, शिशाची धूळ विषारी असते. विटांचे सांधे भरायचेच असतील तर मूळ चुन्याचे असताना सिमेंट वापरू नका. ओल सांध्याऐवजी विटेतून बाहेर पडते आणि विटेचा रंगवलेला पृष्ठभागच सुटतो.