‘लिहून देतो, पण खेळू द्या’

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी एका फुटबॉल क्लबच्या निवड समितीत आहे. पुढच्या हंगामासाठी मधल्या फळीतला एक बावीस वर्षांचा मुलगा घ्यायचं आमचं जवळपास ठरलं होतं. चेंडूवर असा ताबा असलेला पोरगा आम्ही कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. कराराच्या आधी तपासणी झाली, तेव्हा त्यानं स्वतःहून शर्ट बाजूला करून डाव्या खांद्याखालचा व्रण दाखवला. दोन वर्षांपूर्वी सरावात तो कोसळला होता. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी (हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा आजार) असल्याचं निघालं आणि छातीत आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर आतून शॉक देणारं यंत्र) बसवला. आधीच्या क्लबनं त्याला सोडून दिलं. आता आमच्यात दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, आयसीडी घेऊन डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन खेळतो तर हा का नाही? दुसरा म्हणतो, उद्या काही झालं तर त्याच्या आईला तोंड कसं दाखवायचं? मुलगा म्हणतो, ‘काही झालं तर जबाबदारी माझी, लिहून देतो, पण खेळू द्या.’ त्याला घ्यावं का? आणि त्यानं लिहून दिलं तर आम्ही मोकळे होतो का?
— (नाव छापू नये अशी विनंती)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. नाही, मोकळे होत नाही. कायदा काय म्हणेल ते वकिलाला विचारा, मी माणूस म्हणून सांगते आहे.

२६ वर्षं मी संघांची डॉक्टर म्हणून काम केलं. असा एक कागद माझ्यासमोरही सही झालेला आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा होता. धोका काय आहे ते मी समजावून सांगत होते, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं सही करून पेन माझ्याकडे परत सरकवलं. बुटांच्या नाड्या आधीच बांधलेल्या होत्या. बाहेर सराव सुरू झाल्याची शिट्टी ऐकू येत होती आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे होतं. त्या वयात, त्या खोलीत तुम्ही कुठलाही कागद पुढे केलात तरी सही होते. अशा सहीवर एवढा मोठा निर्णय टाकू नका.

आता एरिक्सन. तुमचे दोन्ही तट त्याचं नाव घेत असतील, म्हणून नीट सांगते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्क-फिनलंड सामन्यात पूर्वार्ध संपत आला असताना तो कोणाचाही धक्का न लागता पडला. हृदय थांबलं होतं. मैदानावरच सीपीआर (छाती दाबून हृदय चालतं ठेवणं) आणि एईडीचा (छातीवर पॅड लावून बाहेरून शॉक देणाऱ्या यंत्राचा) शॉक मिळाला म्हणून तो वाचला. पुढे आयसीडी बसवला. तेव्हा तो इंटर मिलानचा खेळाडू होता आणि इटलीच्या नियमांत आयसीडी घेऊन तिथं खेळायला परवानगी नव्हती. डिसेंबर २०२१मध्ये करार संपवण्यात आला. जानेवारी अखेरीस इंग्लंडच्या ब्रेंटफर्डनं त्याला घेतलं आणि २६ फेब्रुवारी २०२२ला तो पुन्हा मैदानात उतरला. २०२४च्या युरो स्पर्धेत त्यानं स्लोव्हेनियाविरुद्ध गोलही केला.

माणूस तोच, हृदय तेच. एका देशात ‘नाही’ आणि दुसऱ्या देशात ‘हो’. यावरून इटलीवाले भित्रे आणि इंग्रज धाडसी असा अर्थ कृपा करून काढू नका. इटलीनं १९८२पासून स्पर्धात्मक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची केली आहे. तिथल्या व्हेनेतो भागात १९७९ ते २००४ या काळातल्या नोंदी पाहिल्या, तर तरुण खेळाडूंमध्ये अचानक मृत्यूचं प्रमाण दर लाख खेळाडूंमागे वर्षाला ३.६ वरून ०.४ वर आलेलं दिसतं. इतके जीव वाचलेले पाहिले की ते डॉक्टर कडक का, हे मला समजतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आयसीडी असलेल्यांनी गोल्फ, बोलिंग अशा हलक्या खेळांपुरतंच राहावं, असं २००५च्या अमेरिकी शिफारशींत होतं. मग अशा ३७२ खेळाडूंची नोंद ठेवून अभ्यास झाला, तो २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. खेळताना एकाचाही मृत्यू झाला नाही. मात्र ३७ जणांना स्पर्धेत किंवा सरावात यंत्राचा शॉक बसला. त्यानंतर शिफारशी सैल झाल्या. सरसकट बंदीऐवजी तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी, मग खेळाडूशी मोकळी चर्चा, आणि मग निर्णय, असा क्रम आला. त्या ३७ जणांना समितीनं विसरू नये. आयसीडीचा शॉक ही किरकोळ गोष्ट नाही. छातीत आतून लाथ बसल्यासारखं होतं, असं मला एका रुग्णानं सांगितलं होतं. आयसीडी असलेला डच फुटबॉलपटू डेली ब्लिंड याला ऑगस्ट २०२०मध्ये हेर्था बर्लिनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात असा शॉक बसला. तो खाली बसला, मग स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला, आणि नंतरही अनेक वर्षं खेळला. तुमच्या मुलाला भर सामन्यात असा शॉक बसला, तर प्रशिक्षक काय करणार, हे करारावर सही व्हायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. माझ्या हिशेबानं त्याला लगेच बाहेर घ्यायचं, यंत्राची नोंद तपासायची आणि हृदयतज्ज्ञ ‘हो’ म्हणेपर्यंत खेळ बंद. अंतिम सामना असला तरीही.

तुमच्या पत्रात आजाराचं नाव आहे, हे फार बरं झालं. ‘हृदयविकार आहे’ एवढ्यावर लोक वाद घालतात आणि तिथंच चुकतात. नायजेरियाचा फुटबॉलपटू न्वांक्वो कानूचा विचार करा. १९९६ला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकून तो इंटरमध्ये आला आणि तपासणीत महाधमनीच्या झडपेत दोष निघाला. तो दोष शस्त्रक्रियेनं दुरुस्त होण्यासारखा होता. शस्त्रक्रिया झाली, १९९९मध्ये आर्सेनलनं त्याला घेतलं आणि पुढे तो वर्षानुवर्षं खेळला. आता इंग्लंडचा क्रिकेटपटू जेम्स टेलर बघा. एआरव्हीसी, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या स्नायूचा आजार. २०१६मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी त्याला निवृत्त व्हावं लागलं. या आजारात जोराचा व्यायामच स्नायूचं नुकसान वाढवतो. आयसीडी बसवला तरी खेळामुळे होणारं हे नुकसान थांबत नाही. तुमच्या मुलाला एआरव्हीसी असता तर मी इथंच ‘घेऊ नका’ लिहून थांबले असते.

हायपरट्रॉफिकमध्ये गोष्ट तितकी सरळ नाही. भिंत किती जाड आहे, एमआरआयमध्ये व्रणासारखे डाग किती आहेत, घरात कोणाचा अचानक मृत्यू झालाय का, गेल्या दोन वर्षांत यंत्रानं काय काय नोंदवलं, व्यायामाच्या चाचणीत ठोके बिघडतात का, हे सगळं पाहावं लागतं. आणि ते पाहणारा डॉक्टर तुमच्या क्लबचा पगार घेणारा नसावा. मी स्वतः पगारी डॉक्टर होते, म्हणून हे ठामपणे सांगते. मला कोणी कधी दमदाटी केली नाही. दमदाटीची गरजच नसते. शनिवारी सामना आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रशिक्षक तुमच्या दारात येऊन नुसता उभा राहतो, एवढं पुरतं.

हवं ते मत शोधत फिरू नका. बॉस्टन सेल्टिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचा कर्णधार रेजी लुईस एप्रिल १९९३मध्ये सामन्यात कोसळला. तज्ज्ञांच्या एका गटानं हृदयाचा गंभीर आजार सांगितला. दुसरीकडून मत आलं की साधी भोवळ आहे, खेळता येईल. त्याच वर्षी २७ जुलैला बास्केटबॉलच्या सरावात तो पडला आणि गेला. दोन मतं आली तर तिसरं घ्या, पण तिघांना एका खोलीत बसवून, मुलासमोर.

औषधांचंही पाहा. हँक गॅदर्स हा अमेरिकी कॉलेजचा बास्केटबॉलपटू डिसेंबर १९८९मध्ये सामन्यात कोसळला. हृदयाचे ठोके आवरणारं औषध सुरू झालं. त्यानं अंगात सुस्ती येई, खेळ मंदावे, म्हणून मात्रा कमी होत गेली. ४ मार्च १९९० रोजी तो कोर्टवर पडला आणि उठला नाही. तेवीस वर्षांचा होता. तुमचा मुलगा कोणती गोळी घेतो आणि ती कोण मोजतो, हे विचारलंत का?

आणि आता ज्यासाठी मी एवढं लांबवलं ते. तुमच्या मैदानावर एईडी आहे का, आणि तो कुठे असतो? मी ज्या एका क्लबात होते तिथं यंत्र होतं. कार्यालयातल्या कपाटात, कुलपात, किल्ली व्यवस्थापकाकडे. चोरीला जाऊ नये म्हणून! एका रविवारी सरावात राखीव संघातला एक मुलगा पडला. व्यवस्थापक गावाला गेले होते. आम्ही कपाटाचं दार पहारीनं उचकटलं. त्यात किती वेळ गेला ते मी आजही सांगू शकत नाही, पण लाकूड चिरल्याचा आवाज विसरले नाही. मुलगा त्या दिवशी वाचला, कारण आमच्या फिजिओनं तोवर त्याची छाती दाबणं एक क्षणही सोडलं नव्हतं. छाती न दाबता नुसतं थांबलं, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. इंग्लंडमधला फुटबॉलपटू फॅब्रिस मुआम्बा मार्च २०१२मध्ये सामन्यात कोसळला, तेव्हा त्याचं हृदय ७८ मिनिटं थांबलं होतं. तो जगला, कारण पहिल्या मिनिटापासून कोणीतरी त्याच्या छातीवर हात ठेवून होतं.

त्या रविवारी पहिला गोंधळ वेगळाच झाला होता. पडलेला मुलगा आचके देत होता, घशातून घरघर येत होती, डोळे अर्धवट उघडे. कोणीतरी म्हणालं, फिट आली आहे, कांदा आणा. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं अनेकदा असंच दिसतं. कोणाचा धक्का न लागता खेळाडू पडला आणि हाकेला ओ देत नाही, तर हृदय थांबलं असं धरूनच चालायचं. हे तुमच्या प्रत्येक खेळाडूला, मैदान राखणाऱ्या मामांनाही, पाठ असू द्या. छाती घामानं ओली असते, आधी टॉवेलनं कोरडी पुसायची, मग पॅड चिकटवायचे. आयसीडी असलेल्याला पॅड त्या फुगवट्यावर लावायचा नाही, थोडा बाजूला. घड्याळ लावून सराव करा.

तर माझं मत असं : स्वतंत्र तज्ज्ञांनी ‘हो’ म्हटलं, मुलाला आणि त्याच्या घरच्यांना सगळं समजलं, आणि तुमची तयारी खरोखर झाली, तर त्याला घ्या. मैदानाकडची तयारी नसेल तर घेऊ नका. त्या परिस्थितीत खरं तर कोणालाच घ्यायला नको, कारण ज्याच्या आजाराचा पत्ताच लागलेला नाही असाही एखादा तुमच्या अकरांत असू शकतो. या मुलानं शर्ट बाजूला करून दाखवलं, एवढाच फरक.

आणि ‘नाही’ म्हणायची वेळ आली तर हात सोडू नका. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं आयसीडी असलेल्या एका बास्केटबॉलपटूला खेळू दिलं नाही. तो न्यायालयात गेला, १९९६मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूनं लागला. पण त्याची शिष्यवृत्ती विद्यापीठानं चालूच ठेवली होती. तुमच्याकडेही प्रशिक्षणात, खेळाच्या विश्लेषणात त्याला जागा देता येईल. आधीच्या क्लबनं सोडल्यावर तो काय भोगून आला असेल, ते त्याला एकदा विचारा.

प्रश्न : सज्ञान माणसाला स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क नाही का? मुष्टियुद्ध, मोटार शर्यती चालतातच ना?
— एक क्रीडाप्रेमी वाचक

उत्तर : हक्क आहे, आणि ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून मोठ्यांनी परस्पर निर्णय घ्यावा, हे मलाही पटत नाही. पण संघात तो एकटा नसतो. एरिक्सन पडला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती पाठमोरं कडं केलं होतं, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच संध्याकाळी सामना पुन्हा सुरू झाला. कर्णधार सिमॉन क्येर त्यात शेवटपर्यंत खेळू शकला नाही, त्याला बाहेर घ्यावं लागलं. या माणसांना आधी विचारून ठेवायला हवं. मोटार शर्यतीत शुद्ध हरपली तर दुसऱ्याचाही जीव जातो, तिथं मी याहून कडक राहीन.

प्रश्न : मॅडम, मी १८ वर्षांचा आहे. धावताना दोनदा चक्कर येऊन पडलो. काका तिशीत झोपेतच गेले. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. सांगितलं तर घेणार नाहीत. चाचणी झाल्यावर दाखवलं तर चालेल का?
— (नाव नाही)

उत्तर : नाही, बाळा, चालणार नाही. उन्हात रांगेत उभं राहून चक्कर येणं वेगळं आणि धावता धावता पडणं वेगळं. त्यात काकांची गोष्ट. आजपासून पळणं बंद कर, सरावही नाही. याच आठवड्यात हृदयतज्ज्ञाकडे जा, ईसीजी आणि इको करून घे, आणि ‘धावताना पडलो, दोनदा’ हे याच शब्दांत सांग. काकांचंही सांग, विचारायची वाट पाहू नकोस. कदाचित काहीच निघणार नाही. कदाचित कानूसारखं दुरुस्त होण्याजोगं निघेल. घरी सांगायला जीभ रेटत नसेल तर हे पान आईसमोर ठेव. तुझ्या वडिलांची आणि भावंडांचीही तपासणी करावी लागेल, तेही तिला सांग. रिपोर्ट आले की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठव, मी स्वतः वाचेन.