विंडोज एक्सपीवरचं शेअर्ड फोल्डर विंडोज १० वर का उघडत नाही?
पिंग (दुसरं मशीन उत्तर देतं का ते बघायची चाचणी) जातंय पण फोल्डर उघडत नाही, म्हणजे केबल किंवा राउटरचा दोष नाही. एक्सपीला फक्त एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवर फाइल्स शेअर करायची जुनी पद्धत, कळतं आणि २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअर हल्ल्यानंतर नव्या विंडोजमध्ये ते मुळात बंदच येतं. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १.० खाली तीन चौकोन दिसतील. त्यातल्या फक्त 'क्लायंट'वर टिक करा, 'सर्व्हर'ला अजिबात हात लावू नका. रीस्टार्ट करून एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि एक्सपी मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाका. नेटवर्कच्या यादीत नाव दिसलं नाही तरी चालेल. फाइल्स नव्या मशीनवरूनच ओढून घ्या आणि काम झालं की टिक काढा, ते दार उघडं ठेवणं खरंच धोक्याचं आहे. एकदाच कॉपी करायचं असेल तर सरळ पेनड्राइव्ह वापरा.